पाळक जाताना एवढं रडता, मग जाऊ कशाला देता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पाळक म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू. म्हणजे तुम्ही एकट्यानेच नाही, बिल्डिंगमधल्या काकूंनी विचारलंय, बँकेत होते तेव्हा मैत्रिणी विचारायच्या, आणि आता आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, लग्न करून आलेल्या नवीन सुनाही विचारतात की अहो काकी, परवाच्या रविवारी जुन्या पाळकसाहेबांना निरोप देताना तुम्ही सगळ्या पदराने डोळे पुसत होता आणि या रविवारी नव्या पाळकसाहेबांना हार घालून हसतमुख फोटो काढताय, हे जमतं कसं? आणि एवढं वाईट वाटतं तर त्यांना जाऊ देताच कशाला?

पहिलं म्हणजे जाऊ देणं न देणं आमच्या हातातच नाहीये. आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये, म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांतल्या एका पंथात, पाळकांना मंडळी नेमत नाही, बिशप पाठवतात. सगळ्या पाळकांची आणि मंडळ्यांच्या प्रतिनिधींची कॉन्फरन्स भरते, त्यात हिशोब, रिपोर्ट, भाषणं सगळं होतं, पण सगळ्यांचा जीव अडकलेला असतो शेवटी, जेव्हा नेमणुकांची यादी वाचली जाते. कोण कुठे. काही जागा तशाच राहतात, काही बदलतात. पूर्वी प्रतिनिधी परत येईपर्यंत घरोघरी नुसते अंदाज चालायचे, आता बिशपसाहेबांचं वाक्य संपायच्या आत व्हॉट्सॲपवर येतं आणि पाळकीणबाई पोळ्या लाटता लाटता वाचतात की आपण आता कल्याणला जाणार. त्याआधी काही महिने अर्जबाजी झालेली असते ती वेगळीच. एक शिष्टमंडळ डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट साहेबांकडे (बिशपांच्या हाताखाली आमच्या भागातल्या मंडळ्या बघणारे) जातं की आमचे पाळक ठेवा, मुलाची दहावी आहे. दुसरं जातं की हलवा एकदाचे. दोन्ही अर्जांवर एकाच गृहस्थांची सही मी स्वतः बघितलीये, नाव विचारू नका.

ही फिरतीची पद्धत मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीपासून आहे. १८व्या शतकात इंग्लंडमध्ये तो आणि त्याचे प्रचारक घोड्यावरून गावोगाव फिरायचे, आणि त्याचं स्पष्ट मत होतं की मी एका जागी वर्षभर उपदेश केला तर लोकही झोपतील आणि मीही. (आमच्याकडे काही जणांना वर्षसुद्धा लागत नाही, पण असो.) आमची परंपरा इंग्लंडहून सरळ नाही आली, अमेरिकेमार्गे आली, आणि तिकडे तर नियमच होता, १८०४ मध्ये ठरवलं की दोन वर्षांपेक्षा जास्त एका ठिकाणी राहायचं नाही, मग १८६४ मध्ये तीन वर्षं केली, १८८८ मध्ये पाच, आणि १९०० मध्ये ती मर्यादा काढूनच टाकली. इंग्लंडमध्ये मेथडिस्टांचं वर्ष आजही १ सप्टेंबरला सुरू होतं आणि पाळकांना साधारण पाच वर्षांसाठी बोलावतात, म्हणजे येणार कधी आणि जाणार कधी याचा लोकांना आधीपासून अंदाज असतो. आपल्याकडे तसं नाही, आपल्याकडे यादी वाचेपर्यंत प्रार्थना आणि अफवा दोन्ही जोरात.

आणि गंमत बघा, मुंबईत मेथडिस्ट काम सुरू झालं ते विल्यम टेलरमुळे, कॅलिफोर्नियात रस्त्यावर उभा राहून उपदेश करणारा माणूस, १८७१ मध्ये इथे आला, सभा घेतल्या, पुढच्या वर्षी मंडळी उभी राहिली. फिरता म्हणजे किती फिरता, त्याला एक खंड पुरायचा नाही. पण कुलाब्याला गेटवेजवळ जे मेथडिस्ट चर्च आहे त्याला नाव आहे जॉर्ज बोवेनचं. बोवेन १८४८ मध्ये अमेरिकन मिशनतर्फे मुंबईत आला, पुढे मिशनचा पगारही सोडला, अगदी साधेपणाने राहिला, टेलर आल्यावर मेथडिस्टांना मिळाला, आणि १८८८ मध्ये इथेच वारला. ४० वर्षं एकच शहर. म्हणजे बदलीवर चालणाऱ्या पंथाने मुंबईत नाव जपलं ते कुठेच न गेलेल्या माणसाचं! मला हे फार आवडतं आणि नवीन पाळकांना मी हे हमखास सांगते, ते बिचारे हसतात कारण त्यांच्या सामानाची खोकी अजून उघडलेली पण नसतात.

आता रडण्याबद्दल. बाहेरच्या माणसाला वाटतं की रविवारी तासभर उपदेश करणारा माणूस, गेला तर दुसरा येईल, त्यात काय. पण मुंबईत आमच्यासारख्या मंडळीत पाळक म्हणजे रात्री दोनला फोन केला तर हॉस्पिटलात येणारा माणूस. कुणाचा मुलगा दारू प्यायला लागलाय, कुणाच्या सुनेने घर सोडलंय, कुणाची नोकरी गेलीये आणि बायकोला अजून सांगितलेलं नाही, हे त्यांना माहीत असतं आणि ते कुठे बोललेले नसतात. माझे सासरे गेले तेव्हा ऑगस्टमधला पाऊस, शिवडीच्या दफनभूमीत चिखलात पाय रुतत होते, छत्री धरायला माणूस नाही, आणि पाळकसाहेब भिजत उभे राहून शांतपणे पूर्ण उपासना वाचत होते, एक ओळ गाळली नाही. तो माणूस टेम्पोत सामान भरून निघाला की डोळ्यात पाणी येणारच, त्यात नाटक काही नसतं. आणि पुढच्या रविवारचं हसूही खरंच असतं, कारण पुढच्या पावसात शिवडीला कोण उभं राहणार हा प्रश्न सुटलेला असतो. कठोर वाटेल, पण आहे असं.

निरोप समारंभाचं मात्र मला विशेष कौतुक नाही. उपासना झाली की कार्यक्रम, कार्यक्रम म्हणजे भाषणं, आणि भाषणांचा माझा अनुभव असा की ज्यांनी चार वर्षं पाळकांना कमिटीत छळलं तेच माईक सोडत नाहीत. महिला मंडळाचं एक गीत, शब्बाथ शाळेच्या मुलांचा नाच, तरुण संघाचा व्हिडिओ, जो प्रोजेक्टरला लागत नाही. मग शाल, पाकीट, मानपत्र. मानपत्रात प्रत्येक पाळक थोर, विद्वान, मृदुभाषी. पौलाचं इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना निरोप देणं वाचतात, बायबलमधला प्रेषितांची कृत्ये २०वा अध्याय, ते सगळे त्याच्या गळ्यात पडून रडले तो भाग, आणि दर वेळी तिथे पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका सुरू होतात. मग प्रीतिभोजन. पुलाव, मटण, कोशिंबीर, काहीतरी गोड, आणि जेवताना खऱ्या गोष्टी होतात, कुणीतरी हळूच जाऊन म्हणतं साहेब, त्या वेळी मी बोललो ते मनात ठेवू नका. हे मात्र मला मोलाचं वाटतं, यासाठी तरी जेवण ठेवलंच पाहिजे, भाषणं रद्द करा हवी तर.

शिफ्टिंग हा वेगळाच अध्याय. आमचे येणारे साहेब जिथून निघणार तिथे तिसरेच येणार, आणि आमचे जिथे जाणार तिथले अजून हललेले नाहीत कारण त्यांच्या नव्या बंगल्यात रंगकाम चालू. चाळीतल्या नळावरच्या हंड्यांसारखं, पुढचा उचलल्याशिवाय मागचा सरकत नाही. बंगला म्हणतात हो सगळे, पण आमच्याकडचा बंगला म्हणजे चर्चच्या मागच्या दोन खोल्या आणि किचन, भिंतीला ओल. जुने साहेब निघाले की कमिटी यादी घेऊन जाते, पंखे किती, कपाट कुणाचं, गॅस कुणाच्या नावावर, आणि दर वेळी त्या कपाटाची किल्ली सापडत नाही.

स्वागत करायचं तर खरं काम इथे असतं, हाराफुलात नाही. आमच्या महिला मंडळात एक ज्येष्ठ बाई होत्या, त्या नव्या पाळकीणबाईंसाठी वहीचं एक पान लिहून फ्रिजला चिकटवून ठेवायच्या. पाणी पहाटे किती वाजता येतं आणि किती वेळ, दूधवाला कोण, कुठल्या डॉक्टरकडे रात्री उघडं असतं, शाळेची बस कुठे थांबते, आणि खाली एक ओळ की अमुक घरी पहिल्या आठवड्यात चहाला जाऊ नका, नंतर सांगते का ते. त्या पानाने जेवढं स्वागत झालं तेवढं कुठल्या भाषणाने नाही. आता ते काम मी करते, पण ती शेवटची ओळ मी तोंडी सांगते, लिहीत नाही. पाळकीणबाईंकडे कुणी बघतच नाही हो. बदली साहेबांची, पण नोकरी सुटते यांची, शाळेत शिकवत असतील तर परत अर्ज, परत मुलाखती, आणि मंडळी मात्र पहिल्याच रविवारी विचारते की तुम्ही ऑर्गन वाजवता का. बाई पाळक आल्या तर त्यांच्या यजमानांचं काय करायचं हेच कमिटीला कळत नाही, शाल द्यायची का नाही यावर अर्धा तास चर्चा झालेली ऐकलीये मी.

स्वागताच्या उपासनेत एकदा एका उत्साही तरुणाने वाचनासाठी बायबलमधला यहोशवाचा पहिला अध्याय निवडला, मोशेनंतर यहोशवा नवीन नेता होतो वगैरे म्हणून, आणि माईकवर खणखणीत वाचलं की माझा सेवक मोशे मरण पावला आहे. आमचे मोशे, म्हणजे जुने साहेब, तेव्हा कल्याणला पंखे लावत होते. अख्खं चर्च खुसखुसलं, नवे साहेबही हसले आणि तिथेच बरंचसं अवघडलेपण गेलं.

पण त्या वाचनात मुद्दा होता. मुंबईत मोशे कुठे जातच नाही. पूर्वी पाळकांची बदली लांब झाली की झाली, पत्र यायचं ख्रिसमसला. आता भायखळ्याहून कल्याण म्हणजे एक फास्ट लोकल, आणि फोन तर खिशातच. मग काय होतं, मुलीचं लग्न ठरलं की घरचे म्हणतात आम्हाला आधीचेच साहेब पाहिजेत, त्यांनी तिला बाप्तिस्मा दिलाय. कुणी आजारी पडलं की फोन त्यांना. कमिटीत भांडण झालं तरी फोन त्यांना! आणि नवीन साहेब बंगल्यात बसलेत, त्यांना तिसऱ्याकडून कळतं. शिस्त अशी आहे की जुन्या पाळकांनी नव्या पाळकांच्या बोलावण्याशिवाय येऊन विधी करायचे नाहीत, आणि चांगले पाळक ती पाळतात, फोन आला की म्हणतात अहो, तुमच्या साहेबांना सांगितलं का आधी? लोकांना राग येतो, म्हणतात बघा, गेले की विसरले. विसरले नाहीत हो, उलट आठवण आहे म्हणूनच बाजूला थांबलेत. मी तर स्पष्ट सांगते, लग्नाला जुन्या साहेबांना पाहुणे म्हणून बोलवा, जेवायला बसवा, पण लग्न लावायला नव्यांना सांगा, रजिस्टरवर सही त्यांचीच असू दे.

तुलना थांबत नाही, थांबणारही नाही. आधीचे उपदेश छोटा करायचे, हे लांबवतात. आधीचे घरी यायचे, हे फोन करतात. हे बायबलमधल्या करिंथच्या मंडळीतही होतं, तिथे दोन उपदेशक होऊन गेले, पौल आणि अपुल्लोस, आणि लोक म्हणायचे मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, आणि पौलाने लिहिलं की मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने. आमच्याकडे हे वचन प्रत्येक स्वागताला वाचतात आणि बाहेर चहाला आलं की परत आधीचे कसे होते ते सुरू. मी त्यात फार लक्ष घालत नाही. साधारण पहिलं दफन झालं की ते आपोआप कमी होतं, त्या घरातले लोक नव्या साहेबांना आपले साहेब म्हणायला लागतात आणि मग एकेक घर वळतं.

तर काकूंच्या प्रश्नाला उत्तर, आम्ही जाऊ देतो कारण आमच्या आधी कुणीतरी त्यांना आमच्याकडे येऊ दिलं होतं, तिथेही कुणी रडलंच असणार. आणि सुनांनो, तुम्ही परवा विचारलंत की या वेळच्या निरोपाला काय करायचं, तर ऐका. मानपत्राची भली मोठी फ्रेम करू नका, ती मुंबईतल्या कुठल्याच घरात मावत नाही. शेवटच्या दिवशी त्यांच्या घरी गॅस बंद असतो, दोन वेळचे डबे पाठवा. नव्यांना पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून जेवायला बोलवू नका, त्यांना झोपू द्या. आणि पाकीट स्टेजवर द्यायची हौस असेल तर द्या, पण त्यात चेक घालू नका, टेम्पोवाल्याला रोख लागते.