तुम्ही विचारलेत म्हणून : मोठ्यांसाठी कधी लिहिणार?

कार्यक्रम संपल्यावर, एखाद्या लग्नात ओळख निघाल्यावर, आणि अलीकडे तर नातवंडांना शाळेतून न्यायला आलेल्या आजी-आजोबांकडूनही मला एक प्रश्न हटकून विचारला जातो : "बालगीते छान लिहिता तुम्ही, पण मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" विचारणाऱ्यांच्या मनात आपुलकीच असते, हे मला ठाऊक आहे. तरीही या प्रश्नात एक गृहीत धरलेले असते. बालगीत ही पहिली पायरी, तिच्यावर पाय ठेवून पुढे भावगीताकडे, चित्रपटगीताकडे किंवा गझलेकडे जायचे, आणि जो पुढे गेला नाही तो तेथेच अडकून राहिला. हे गृहीत मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

मी सदाशिव पेठेतल्या एका बालवाडीत शिकवत होते. गाणी लिहिणे हा माझा व्यवसाय नव्हता. वर्गात गाण्यांची गरज होती आणि हाताशी असलेल्या पुस्तकांतली बरीचशी गाणी मुलांच्या उपयोगाची नव्हती, म्हणून मी लिहू लागले. त्या पुस्तकांत बालपण रम्य असल्याचे वर्णन होते, आईच्या मायेची थोरवी होती, निरागसतेचे कौतुक होते. सगळे खरे, आणि सगळे मोठ्या माणसाच्या मनातले. चार वर्षांच्या मुलाला आपले बालपण रम्य आहे हे माहीत नसते. त्याचा एक बूट सापडत नसतो, शेजारच्या मुलीने त्याचा खडू घेतलेला असतो, आणि खिडकीबाहेरच्या भिंतीवरून एक खार पळत गेलेली असते. मुलांविषयीचे गाणे आणि मुलांनी म्हणायचे गाणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि माझे सगळे काम दुसऱ्या प्रकारचे आहे. ते मुलांच्या तोंडी बसायला हवे, ही त्याची पहिली आणि शेवटची अट.

ही अट वाटते तितकी सोपी नाही. मुलाच्या तोंडाला काही ध्वनी लवकर येतात आणि काही उशिरा. प, ब, म हे ओठांवरचे ध्वनी तान्हेपणीच हाती लागतात; 'र' मात्र कित्येक मुलांना चार-पाच वर्षांपर्यंत नीट जमत नाही आणि त्याच्या जागी 'ल' येतो. 'श' आणि 'स' यांची अदलाबदल होते, जोडाक्षरे मधूनच तुटतात. म्हणून अवघड ध्वनी टाळावेत, असे मात्र मी मानत नाही. ते थोडे, पण मजेच्या ठिकाणी, आणि पुन्हा पुन्हा यावेत, म्हणजे जीभ खेळता खेळता तयार होते. 'अडगुलं मडगुलं' रचणाऱ्या अनामिक बायकांनी ध्वनिशास्त्र वाचले नव्हते, तरी ड, ग आणि ल यांची ती पुनरावृत्ती किती नेमकी आहे! आजही नवे गाणे लिहायला बसले की आधी मी अशा दोन-तीन जुन्या बडबडगीतांचे शब्द मोठ्याने म्हणून पाहते.

त्यानंतर श्वास. लहान मुलाचा श्वास आखूड असतो, त्यामुळे तीस मात्रांची (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन) लांब ओळ, ती कितीही गोड असली तरी, त्याला पेलत नाही. शेवटचे शब्द गिळले जातात. मला सोळा मात्रांची, आठ-आठच्या दोन तुकड्यांत मोडणारी ओळ सर्वांत सोयीची वाटते. जुने कवी तिला पादाकुलक म्हणत, आणि ती केरव्याच्या, म्हणजे तबल्याच्या आठ मात्रांच्या, ठेक्यावर आपोआप बसते. माझ्या एका गाण्याची सुरुवात अशी आहे :

खारूताई, खारूताई,
कशास बाई इतकी घाई?

पहिल्या आठ मात्रांवर छोटा विसावा, सोळाव्या मात्रेवर पुरता. शिवाय ओळीचा शेवट दीर्घ स्वरावर आहे, आणि हे मी मुद्दाम करते. आपण बोलताना 'झाड' या शब्दातला शेवटचा 'अ' उच्चारत नाही, पण गाताना तो उच्चारावा लागतो, त्याला मात्रा द्यावी लागते. मुलाच्या कानावर बोलण्यातले 'झाड' पक्के बसलेले असते, त्यामुळे ओळीच्या टोकाला असा शब्द आला की मुले तेथे खाडकन थांबतात आणि ठेका मोडतो. 'घाई', 'गाणे', 'वारा' असे शब्द असले की आवाजाला पुढे वाहायला वाट मिळते. हे मला कोणी शिकवले नाही. वर्गातल्या मुलांच्या ओळी कोठे तुटतात हे रोज ऐकत गेल्याने ते कळत गेले.

चाल लावणाऱ्यांशी माझे मतभेद बहुधा पट्टीवरून आणि स्वरांच्या पल्ल्यावरून होतात. पुरुष संगीतकार आपल्या गळ्याच्या सोयीने काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला 'सा' धरून, चाल बांधतो, आणि मुले त्या पट्टीत गाऊ लागली की खालच्या स्वरांना त्यांचा आवाजच लागत नाही, नुसती कुजबुज होते. बालवाडीच्या वयाला षड्जापासून पंचमापर्यंतचा ('सा' ते 'प'), फार तर धैवतापर्यंतचा ('ध') पल्ला पुरेसा असतो. तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, नेले की गाणे संपून ओरडणे सुरू होते. एकदा कोथरूडच्या एका लहानशा स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालले होते. संगीतकाराने तिसऱ्या ओळीवर एक सुरेख मुरकी, म्हणजे स्वरांची झटकन घेतलेली नाजूक वळणे, ठेवली होती आणि तबलजींनीही तिला दाद दिली होती. कोरसमधली मुले मात्र प्रत्येक वेळी ती मुरकी सोडून सरळ खालच्या स्वरावर येत होती. तिसऱ्या टेकनंतर संगीतकाराने हार्मोनियम बाजूला केली, मुलांची चाल स्वतः एकदा गुणगुणून पाहिली आणि वादकांना सांगितले, "हीच ठेवू या." त्या माणसाविषयी माझ्या मनात तेव्हापासून जो आदर आहे तो कायमचा आहे.

मराठी बालगीताचा प्रवासही मला याच अंगाने पाहावासा वाटतो. 1953 सालच्या 'देवबाप्पा' या चित्रपटातले 'नाच रे मोरा' ग. दि. माडगूळकरांनी लिहिले, पु. ल. देशपांड्यांनी त्याला चाल दिली आणि आशा भोसले यांनी ते गायले. शब्द मुलांचे, आवाज मोठ्या गायिकेचा, आणि तो किती लडिवाळ लागला हे सांगायला नको. पुढे मीना खडीकर यांनी आपल्या मुलांना, योगेश आणि रचना यांना, गायला उभे केले. मंगेश पाडगावकरांचे 'सांग सांग भोलानाथ' किंवा राजा मंगळवेढेकरांचे चॉकलेटच्या बंगल्याचे गाणे आपण ऐकतो तेव्हा खऱ्याखुऱ्या मुलांचा, किंचित धाप लागलेला आवाज ऐकतो. मला तो टप्पा फार मोलाचा वाटतो, कारण तेथे लिहिणाऱ्याला आणि चाल लावणाऱ्याला गायिकेच्या कौशल्याचा आधार उरला नाही. जे मुलांना पेलत नाही ते ध्वनिमुद्रिकेत लपून राहूच शकत नव्हते.

आता पायरीविषयी. 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. ते लिहिणारे माडगूळकर आणि झुकझुक अगीनगाडीचे माडगूळकर एकच. विंदा करंदीकरांना 2003 सालचे ज्ञानपीठ मिळाले. 'राणीची बाग' लिहिणारे विंदाही तेच. या कवींनी बालकविता आधी लिहून मग ती मागे टाकलेली नाही. दोन्ही प्रकारचे लेखन त्यांनी सारख्याच गांभीर्याने केले. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, आणि त्यांच्यासारखी दोन्हीकडची ओढही मला नाही, पण 'पुढे जाण्याची' भाषा त्यांच्या बाबतीत कोणी वापरत नाही, हे लक्षात घ्यावे.

पुण्यात राहिल्यामुळे हे काम करणे मला सोपे गेले, हेही सांगायला हवे. वा. गो. आपटे यांनी मुलांसाठी 'आनंद' मासिक सुरू केले ते 1906 मध्ये. 'बालभारती'चे 'किशोर' निघाले 1971 मध्ये. नवरात्रात शाळाशाळांतून भोंडला होतो, त्यात मुली फेर धरून जी गाणी म्हणतात ती छापील पुस्तकातून पाठ केलेली नसतात, मोठ्या मुलींकडून धाकट्यांकडे आलेली असतात. मुलांसाठी लिहिणे हे येथे कोणाला विचित्र वाटत नाही. फक्त त्यावर पोट भरेल अशी अपेक्षा करू नये.

कारण तेही अनेकजण विचारतात, थोडे दबकत. माझे घर बालवाडीच्या पगारावर आणि नंतर निवृत्तिवेतनावर चालले. कॅसेटच्या काळात एका कंपनीने माझी गाणी एकरकमी मानधन देऊन घेतली, सर्व हक्क कायमचे लिहून घेतले, आणि कॅसेटच्या वेष्टनावर गायक, संगीतकार व निवेदिका यांची नावे छापताना माझे नाव गाळले. त्या वेळी असे सर्रास होत असे आणि तक्रार करायला जागा नव्हती. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा व संगीतकाराचा वाटा करार करून हिरावून घेता येणार नाही, अशी तरतूद आली. माझे ते करार त्याच्या आधीचे. नव्या गीतकारांना मी एवढेच सांगते, की करार सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा, मुदत कितीची आहे ते पाहा (मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो), आणि हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र शिक्षकांनी आणि मुलांनी पालकांसमोर गाणे सादर केले तर त्यासाठी परवानगी वा शुल्क लागत नाही. कायद्यातला हा अपवाद मला अगदी योग्य वाटतो. तेथे मला पैसे नकोत. कार्यक्रमपत्रिकेत गाण्याशेजारी कवीचे नाव असावे आणि नाचाच्या नादात गाणे स्पीकरवर न लावता ते मुलांनी स्वतः म्हणावे, एवढीच माझी इच्छा असते. मोबाइलवरच्या गाण्यांविषयीही माझी तक्रार हीच आहे. दर दोन सेकंदांनी बदलणाऱ्या चित्रांपुढे मूल गप्प बसून राहते, आणि ज्या गाण्यापुढे मूल गप्प बसते त्याला मी बालगीत म्हणायला तयार नाही.

तरीही मूळ प्रश्न उरतोच : एवढे शब्द, मात्रा, ठेके हाताशी आहेत तर मोठ्यांसाठी का लिहीत नाही? याचे खरे उत्तर असे, की मोठ्यांच्या गाण्यात अर्धे काम ऐकणारा करतो. 'खार' म्हटले की मोठ्या माणसाला सेतुबंधन आठवते, खारीचा वाटा आठवतो, रामाच्या बोटांचे पट्टे आठवतात. 'पाऊस' म्हटले की त्याला माहेर, ताटातूट, एखादी जुनी संध्याकाळ आठवते, आणि कवीने नुसता शब्द ठेवला तरी तो भरून येतो. त्या आठवणींना हाक देण्याची कलाही मोठीच आहे, पण मला तिची ओढ नाही. चार वर्षांच्या मुलाजवळ असा साठा नसतो. त्याच्यापुढे खारच आणावी लागते : ती पळते कशी, मध्येच थांबते कशी, दोन्ही हातांत दाणा धरून खाते कशी. शब्दाला तेथे कोणाचीही उसनी मदत नसते. मला हे काम अवघड वाटते आणि म्हणूनच ते सोडवत नाही. 'मोठ्यांसाठी' म्हणून जे काही लिहिण्याचा मोह कधी झाला, त्यातली ओळ मुलाला समजेल अशी करता करता ते पुन्हा बालगीतच झाले.

सध्या मी आठवड्यातून एकदा बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका वर्गात जाते. यांतली काही मुले घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही हिंदी, आणि त्यांच्या कानावर पडणारी पहिली सलग मराठी बऱ्याचदा गाण्यातली असते. त्यांच्यासाठी गाणे करताना माझे जुने आडाखे पुरत नाहीत. 'ळ' त्यांच्यातल्या तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्यांना सहज येतो, हिंदी बोलणाऱ्यांना येत नाही. 'मामाचा वाडा' त्यांनी पाहिलेला नसतो. वाळूचा ढीग, क्रेन आणि पाण्याचा टँकर त्यांना रोज दिसतो. म्हणून सध्या क्रेनचे गाणे चालू आहे. त्यात 'वर', 'खाली', 'थांब', 'चल' एवढीच क्रियेची भाषा आहे आणि हात वर-खाली करत मुलांनी ते म्हणायचे आहे. पहिले कडवे त्यांनी दोन दिवसांत उचलले. दुसऱ्यात टँकर आणायचा आहे, आणि त्या शब्दाचा शेवटचा 'र' ओळीच्या टोकाला येऊ न देता ठेका कसा राखावा, यावर मी आणि संगीतकार अजून अडलेलो आहोत.