ताणलेल्या दोरावरचे स्पंद

पुढे महाविद्यालयात तरंगांची समीकरणे आली तेव्हा ती परकी वाटली नाहीत, याचे श्रेय आमच्या विज्ञानाच्या सरांनी भिंतीतल्या कडीला बांधलेल्या पाच मीटर दोराला द्यावे लागेल. दोराच्या मध्यावर त्यांनी लाल धागा बांधला होता आणि स्पंदाकडे, म्हणजे दोरावरून धावणाऱ्या एकट्या उंचवट्याकडे, न पाहता केवळ त्या धाग्याकडे पाहण्यास आम्हांला बजावले होते. मोकळ्या टोकाला झटका दिला की उंचवटा भिंतीकडे धावे. धागा मात्र वर जाऊन खाली येई आणि जागच्या जागी राही.

झटका जोराचा दिला तर स्पंद उंच होई, चटकन दिला तर अरुंद होई, पण तो भिंतीपर्यंत लवकर पोहोचत नसे. वेग ठरतो तो दोराच्या ताणावर आणि दर मीटर वस्तुमानावर. मीटरला 100 ग्रॅम वजनाचा दोर 10 न्यूटनने ताणला तर स्पंद सेकंदाला 10 मीटर जातो आणि ताण चौपट केला तर 20 मीटर. म्हणूनच हात एका लयीत हलवून आवर्ती तरंग निर्माण केले, तर वारंवारता (सेकंदाला किती हेलकावे) हाताची, वेग दोराचा आणि तरंगलांबी (लागोपाठच्या दोन उंचवट्यांमधले अंतर) वेगाला वारंवारतेने भागून ठरलेली.

भिंतीवरून स्पंद उलटा परतण्याचे कारण सरांनी कडीकडे बोट दाखवून सांगितले: दोर कडीला वर ओढतो, तेव्हा कडी दोराला खाली ओढते. पण माझ्या मते खरा धडा पुढचा होता. दोन्ही टोकांकडून एकाच आकाराचे, एक सुलटा आणि एक उलटा, असे स्पंद सोडले की मध्यावर भेटताना दोर क्षणभर सपाट होतो. मग ऊर्जा गेली कुठे? ती गतीत असते. त्या क्षणी धागा स्थिर असला तरी त्याच्या एका बाजूचा दोर वर आणि दुसऱ्या बाजूचा खाली वेगाने निघालेला असतो, आणि म्हणूनच दोन्ही स्पंद एकमेकांतून पार होऊन आपापल्या वाटेने जातात.

आवर्ती तरंग भिंतीवरून परतून स्वतःलाच भेटतात, तेव्हा हेच अखंड घडत राहते. 10 न्यूटन ताणाच्या त्या दोराला सेकंदाला दोन हेलकावे दिले की दोन फुगे (प्रत्येकी अर्ध्या तरंगलांबीचे फुगीर भाग) आणि तीन दिले की तीन फुगे स्थिर दिसतात. अडीच दिले तर मात्र आकृती जमत नाही, कारण पाच मीटरमध्ये अर्ध्या तरंगलांब्या पूर्ण संख्येने बसत नाहीत.