155 अंशांचं दुकान : आमची वाटचाल

दुकान उघडलं 2009 मध्ये, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, राली शहराला लागून असलेल्या कॅरी गावात. मी वसईचा ख्रिस्ती, त्यामुळे गोमांसाच्या बर्गरच्या धंद्यात शिरताना मला काही ओलांडावं लागलं नाही. ओलांडलं ते नानांनी. नाना म्हणजे माझे भागीदार. सदाशिव पेठेतले, जन्माचे शाकाहारी, एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीला. निम्मं भांडवल त्यांचं, आणि आजवर आमच्या बर्गरचा एक घासही त्यांनी खाल्लेला नाही. "नाना, तुम्ही कशाला यात पडताय?" असं मी विचारलं होतं. म्हणाले, "शिजवणं म्हणजे तापमान आणि वेळ. ते माझ्याकडे. चव तू बघ."

पहिल्याच दिवशी ते दोन थर्मामीटर आणि एक लांबडी वही घेऊन आले. मला हसू आलं. पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या तव्यावर राबलो होतो, बोटाने दाबून सांगायचो झाला की नाही. नाना म्हणाले, "बोट वहीत कसं लिहायचं ते सांग." मग नियम ठरला. रोज सकाळी बर्फाच्या पाण्यात थर्मामीटर धरायचा, 32 दिसले पाहिजेत (इथे सगळे अंश फॅरनहाइटचे, 32 ला पाणी गोठतं), ते वहीत लिहून सही करायची. मग दर घाण्यातल्या एका पॅटीत कडेने, आडवा, मधोमध टोचायचा. वरून टोचाल तर टोक आरपार जाऊन तव्याचंच तापमान सांगेल.

रंगावर जाऊ नका, हे मी नानांकडूनच शिकलो. इथल्या कृषी खात्याचंच म्हणणं आहे की चारातला एक बर्गर पुरेसा तापण्याआधीच आतून तपकिरी होतो. स्टेकची, म्हणजे मांसाच्या अख्ख्या तुकड्याची, गोष्ट वेगळी, त्याचे जंतू वरच्या अंगाला असतात, दोन्ही बाजू तव्यावर धरल्या की मेले. खिमा करताना तेच वरचं अंग बर्गरच्या पोटात जातं.

तेव्हा आमच्या राज्यात वादच नव्हता. हॉटेलातला बर्गर 155 अंश फॅरनहाइटला, म्हणजे 68 सेल्सिअसला, शिजवायचा, संपला विषय. घरच्यांसाठी कृषी खातं 160 सांगतं. न्यूयॉर्कहून बदली होऊन आलेले लोक कुरकुरायचे, पण गावचे जुने लोक वर चिली (खिम्याचा मसालेदार रस्सा), स्लॉ (कोबीची कोशिंबीर), मोहरी आणि कांदा घालून खायचे. त्यांच्या लेखी गुलाबी म्हणजे कच्चा.

1 सप्टेंबर 2012 ला राज्याने नवी अन्नसंहिता लागू केली. गिऱ्हाइकाने मागितला तर कमी शिजलेला बर्गर द्यायला परवानगी मिळाली. अट एवढीच, की मेनूवर त्या पदार्थापुढे चांदणी छापायची आणि खाली बारीक अक्षरांत लिहायचं की अर्धवट शिजलेल्या मांसाने आजाराचा धोका वाढू शकतो. मुलांच्या मेनूवर मात्र ही सूट नाही.

महिन्याभरात पार्किंगच्या पलीकडे एक दुकान उघडलं. नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. काचेवर कापलेल्या बर्गरचा पुरुषभर उंचीचा फोटो, आत गुलाबी. माझा सकाळचा तवेवाला त्यांनी नोव्हेंबरात पळवला. एका स्थानिक साप्ताहिकाच्या खाद्यसमीक्षकाने त्यांच्यावर अर्धं पान लिहिलं, त्यात आमच्या वाट्याला एकच शब्द आला: राखाडी. दिवसाला दोनशे पाव लागायचे ते नाताळपर्यंत सत्तरवर आले. बेकरीवाला विचारायला लागला, "सगळं ठीक ना?" हा प्रश्न ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको.

मी नानांच्या मागे लागलो. खोटं कशाला बोलू, ताज्या खिम्याचा जाडजूड बर्गर 135 अंशांवर उतरवला तर उत्तम लागतो. तापमान चढत जातं तसं मांस आक्रसतं, पाणी बाहेर टाकतं, आणि जाड पॅटी 160 ला नेली की भुसा होते. म्हटलं, खिमा स्वतः करू, विकतचा नको. नाना दोन आठवडे बोलले नाहीत, मग चेक लिहून दिला.

खिम्याचं यंत्र आलं. इतकी देखणी वस्तू मी दुकानात कधी आणली नव्हती. पातं, जाळी, मळसूत्र रात्री फ्रीजरमध्ये ठेवायचं. लोखंड गार असलं की चरबी कापली जाते, कोमट असलं की लिपते. खांद्याचं मांस, ऐंशीला वीस चरबी. मीठ खिम्यात अजिबात कालवायचं नाही, प्रथिनं सुटतात आणि बर्गरचा सॉसेज होतो. तव्यावर टाकताना वरून. मेनूवर आम्हीही चांदणी छापली आणि जानेवारीत पाव एकशे वीसवर गेले.

फेब्रुवारी 2013, शनिवार, दुपारी साडेबारा. दुकान भरलेलं. नाना सहज आले आणि वही उघडून उभे राहिले. मग मला हाक मारली. सकाळच्या रकान्यात अकरा दिवसांचे 32 एकाच शाईने, एकाच दमात लिहिलेले. ते मीच लिहिले होते, आदल्या रात्री. नानांनी बर्फाचं पाणी मागवलं. थर्मामीटरने दाखवले 41.

म्हणजे नऊ अंश जास्त. आम्ही 155 म्हणत होतो ते 146 होतं. आणि जो गुलाबी आम्ही 135 म्हणून देत होतो तो 126. नानांनी दारावरची पाटी फिरवली, सगळ्यांचे पैसे परत केले, आणि तिथूनच आरोग्य खात्याला स्वतः फोन लावला. मी त्यांचा हात धरला होता, हेही लिहून ठेवतो.

भीती मला लोकांच्या बोलण्याची होती. त्यांना 1993 ची. त्या वर्षी वॉशिंग्टन आणि पश्चिमेकडच्या आणखी काही राज्यांत एका मोठ्या साखळीच्या कमी शिजलेल्या बर्गरमुळे सातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. ई. कोलाय ओ157 हा जंतू लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर जातो. गोमांसाच्या कच्च्या खिम्यात तो सापडला तर माल भेसळीचा समजायचा, हे सरकारने त्यानंतर 1994 मध्ये ठरवलं. नाना म्हणाले, "काल एका बापाने आपल्या गुलाबी बर्गरचा अर्धा तुकडा पोराला दिला. मी बघितलं. चांदणी त्या पोराने वाचली होती का?"

हा जंतू बहुधा तीन-चार दिवसांत दिसतो, कधी दहाही लागतात. नानांनी दहा दिवस मोजले. रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, कुणाचा काही निरोप? कुणाचाच आला नाही. तपासणीत गुण कमी झाले ते दुकानात लावलेल्या गुणांच्या कार्डावर दिसले, आणि समोरच्याने ते आमच्याच गिऱ्हाइकांना आमच्याच पार्किंगमध्ये उभं राहून सांगितलं. धंद्यात स्पर्धा असते, मान्य. पण हे?

नाना भागीदारी मोडायला निघाले होते. मी एक महिना मागून घेतला.

त्या महिन्यात मला आई आठवली. बोंबील पाट्याखाली दाबून ती पाणी काढायची, मगच तव्यावर टाकायची, आणि तव्याला लागेल तो भाग खरपूस. खरपूस आणि करपलेलं यातलं अंतर इथे सांगायला शब्द मिळत नाही, पण माझ्या राखाडी बर्गरची सगळी गोम तिथेच होती. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो 212 अंशांच्या, म्हणजे पाणी उकळतं त्याच्या, वर जातच नाही, आणि मांसाला खरपूस वास लागायला त्याच्या बरंच वर जावं लागतं. म्हणजे मी चव पॅटीच्या पोटात शोधत बसलो होतो.

दोन-दोन औंसांचे गार गोळे केले. तवा 425 वर. हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याची पोलादी थापी आणली, आणि गोळा टाकल्या टाकल्या तिने सपाट केला. दाबायचं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात, चरबी गार असताना. नंतर दाबाल तर रस गटारात. दीड मिनिटाने धारदार उलथन्याने खरवडून उलटायचं, वर चीज, पाऊण मिनिट, आणि दोन चकत्या एकावर एक. नानांनी त्या दोहोंच्या मध्ये नवा थर्मामीटर सरकवला. 168. मी खाल्ला. नानांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वहीत लिहिलं: "चव ठीक असावी."

मेनूवरची चांदणी काढली. एप्रिलपर्यंत पाव दोनशे दहा.

2014 ते 2019 धंदा चालला. करोनात टिकलो.

नवीन मुलं फूड ट्रक काढतात आणि सल्ला मागत नाहीत, तरी सांगतो. थर्मामीटर दोन ठेवा, एक खोटं बोलला तर दुसरा चुगली करेल. खिमा आदल्या दिवशीचा वापरू नका. टर्कीचा बर्गर असेल तर 165, तिथे चवीची चर्चा नको. भाडेकरार तीन वर्षांपेक्षा लांब करू नका. मेव्हण्याला भागीदार घेऊ नका. शाकाहारी माणूस मिळाला तर घ्या, त्याला चाखून बघण्याचा मोह नसतो.

समोरचं दुकान 2017 मध्ये बंद पडलं. सामान विकायला काढलं तेव्हा मी त्यांचं खिम्याचं यंत्र घेतलं, गरज नव्हती तरी. घरी आणून उघडलं तर पातं पार बोथट, जाळीच्या भोकांना कडाच उरल्या नव्हत्या. असल्या यंत्रातून मांस कापलं जात नाही, चुरगळतं. आणि त्या समीक्षकाने यांना अर्धं पान दिलं होतं. नाना तोवर पुण्याला परतले होते. मी रात्री मुद्दाम जागून, तिकडची सकाळ गाठून फोन केला आणि हे सगळं चवीचवीने सांगितलं.

ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "ते अकरा दिवसांचं पान फाडलं नाहीस ना?"

"आहे," म्हटलं.