उभ्याने ऐकणारे व्हिएन्नाकर

व्हिएन्नातल्या मुझिकफेराइन या संगीतवास्तूच्या सोनेरी सभागृहात खुर्च्या जिथे संपतात, तिथे अगदी मागे उभ्याने ऐकणाऱ्यांची जागा आहे. तिकीट सर्वांत स्वस्त आणि जागेला क्रमांक नाही, त्यामुळे दारं उघडायच्या बऱ्याच आधी रांग लागते. व्हिएन्नात आल्यापासून माझ्या बहुतेक ओळखी या रांगेत झाल्या. अनेकांची नावं मला आजही ठाऊक नाहीत, पण कोण सध्या काय ऐकतंय ते ठाऊक आहे. कारण रांगेतला पहिला प्रश्न तोच असतो.

उत्तर कधी नुसतं ‘शुबर्ट’ असं येत नाही. रचना कोणती, वाजवणारा कोण, ध्वनिमुद्रण कोणत्या वर्षीचं, इतकं सांगितल्यावरच ते पुरं होतं. आपणही अमक्यांचा यमन, तमक्यांचा मारवा असं म्हणतोच. पण आपल्याकडे राग प्रत्येक जण नव्याने मांडतो. इथे तर एकेक स्वर कागदावर लिहून ठेवलेला. मग चार वादकांचं तेच ते चारदा का ऐकायचं, हा प्रश्न माझ्या कानांना बरेच दिवस पडत होता.

त्याचं उत्तर मला एका वृद्ध बाईंनी दिलं. त्या तेव्हा शुबर्टचा शेवटचा पियानो सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीची अनेक भागांची रचना, ऐकत होत्या, बी फ्लॅट या पट्टीतला. हा सप्टेंबर १८२८ मधला. त्यानंतर दोन महिन्यांत, एकतिसाव्या वर्षी, शुबर्ट गेला. पहिल्या भागात एक जागा अशी येते, की सुरुवातीचा मोठा तुकडा पुन्हा वाजवावा, असं संगीतलेखनात लिहिलेलं आहे. पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेल ती पुनरावृत्ती करत नसत आणि ती का करू नये, हेही त्यांनी लिहून मांडलं. स्व्यातोस्लाव रिश्टर मात्र ती करत, तीही इतक्या संथ लयीत, की त्यांचा हा एकच भाग चोवीस मिनिटांच्या आसपास जातो. बाईंचं म्हणणं होतं, की प्रश्न नुसत्या लांबीचा नाही. मागे फिरताना वाजणारे काही स्वर फक्त त्या वाटेवरच लिहिलेले आहेत, आणि एरवी खालच्या पट्टीत हळूच येणारी कंपनाची जागा, म्हणजे दोन शेजारचे स्वर झरझर आलटूनपालटून वाजतात ती, तिथे एकदाच, सगळ्या ताकदीनिशी गरजते. पुनरावृत्ती गाळली, की ती गर्जना ऐकायलाच मिळत नाही. मी दोन्ही ऐकली. माझं मन रिश्टरकडे आहे. त्या एका गर्जनेनंतर पुढची सगळी शांतता वेगळी ऐकू येते.

गेला बराच काळ मी स्वतः ब्राम्सच्या चौथ्या सिम्फनीत, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या चार भागांच्या रचनेत, त्यातही शेवटच्या भागात अडकून आहे. तीन ट्रॉम्बोनवादक पहिले तिन्ही भाग, म्हणजे जवळपास अर्धा तास, हात बांधून बसलेले असतात. चौथा भाग सुरू झाला, की ते पहिल्यांदा वाद्य ओठांना लावतात. आठ मात्राखंड आणि प्रत्येकात एक, असे आठ स्वर. ही कल्पना ब्राम्सने बाखच्या एका कँटाटातून, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीच्या रचनेतून, घेतली. त्यावर तीस रूपं आणि मग अखेरची धाव. मधेच सगळा वाद्यवृंद ओसरतो, खंडाची लांबी दुप्पट होते आणि बासरी एकटी उरते. मूळ स्वर तेव्हा जवळजवळ दिसेनासे होतात, पण आपण मोजत राहतो.

वाद्यवृंदसंचालक कार्लोस क्लायबर यांनी १९८० मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण मला रांगेतल्या एका विद्यार्थ्याने सुचवलं. ते ताठ, तेजस्वी आहे, कुठेही सैल पडत नाही. दुसऱ्याने लगेच फुर्टव्हेंग्लर या दुसऱ्या संचालकांचं नाव घेतलं. बर्लिनमध्ये डिसेंबर १९४३ ला प्रत्यक्ष मैफलीत झालेलं ते ध्वनिमुद्रण. पुढच्याच महिन्यात ते सभागृह बॉम्बहल्ल्यात गेलं. त्यात लय कुठे रेंगाळते, कुठे उधळते आणि शेवट तर दरीत कोसळल्यासारखा होतो. या सिम्फनीसाठी ब्राम्सने लयीचे आकडे दिलेले नाहीत, शब्द तेवढे लिहिले आहेत. म्हणून दोघेही त्याच्याशी प्रामाणिक. हे एकदा कळलं, की तेच ते चारदा का, हा प्रश्न उरत नाही.

ब्राम्स या सभागृहापासून चालत काही मिनिटांवर, कार्ल्सगास्सेत राहायचा. ७ मार्च १८९७ रोजी हीच सिम्फनी इथे वाजली तेव्हा तो आजारी होता, तरी आला होता. प्रत्येक भागानंतर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि त्याला उठून उभं राहावं लागलं. महिन्याभरात तो गेला. आज त्याच सभागृहात दोन भागांच्या मधे कुणी टाळी वाजवत नाही. खोकलासुद्धा तेवढ्या फटीसाठी राखून ठेवतात. सम गाठल्यावर दाद द्यायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना ही शिस्त जड जाते. मला ती आजही थोडी कोरडी वाटते, आणि १८९७ चे श्रोते अधिक जवळचे वाटतात.

मलाही अर्थातच तोच प्रश्न येतो. अलीकडे मी सांगितलं, मल्लिकार्जुन मन्सूरांचा शिवमत भैरव. त्या वृद्ध बाईंनी विचारलं, हाच राग ते दुसऱ्या दिवशी गायले असते तर किती वेगळा झाला असता? मी सांगितलं, बंदिश तीच राहिली असती, तीनतालाच्या सोळा मात्रा त्याच, बाकी सगळं त्या दिवसाचं. त्यांनी बराच विचार केला आणि बोटांवर आठ मोजून दाखवले. ब्राम्सचे आठ. प्रत्येक फेरी त्याच जागी येऊन मिळते आणि मधे काय घडेल ते सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. आवर्तनाची इतकी नेमकी जाण मी आपल्याकडच्याही फार थोड्या श्रोत्यांत पाहिली आहे.

पुढच्या वेळी भेटल्यावर त्यांनी मन्सूर ऐकल्याचं सांगितलं आणि बदल्यात मला ब्रुकनर या संगीतकाराची आठवी सिम्फनी ऐकायला दिली. १८ डिसेंबर १८९२ रोजी ती पहिल्यांदा याच सभागृहात वाजली होती. सगळी मिळून सुमारे ऐंशी मिनिटं. मी अजून तिसऱ्या, संथ भागाच्या पुढे गेलेले नाही. रोज तिथवर जाते आणि तोच भाग पुन्हा लावते.