ए-५ वाग्यू: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

वाग्यू म्हणजे जपानी जातीच्या गुरांचं महागडं, चरबीदार बीफ. त्यावर एवढा खर्च करावा का? माणशी ८० ग्रॅम घेणार असाल तर जरूर करावा. ३०० ग्रॅमचा स्टेक एकट्याने संपवायचा बेत असेल तर करू नये. दोन्हीकडे मांस तेच आहे. फरक पडतो तो आपण किती खातो आणि कसं शिजवतो यामुळे.

वाग्यूचे पैसे आपण मोजतो ते स्नायूंच्या आत विणल्यासारख्या पसरलेल्या चरबीचे. ए-५ या सर्वांत वरच्या प्रतीच्या सरलॉइनमध्ये, म्हणजे पाठीकडच्या मांसात, वजनाच्या निम्म्याच्या आसपास चरबीच असते. या चरबीत ओलेइक आम्ल या मेदाम्लाचं प्रमाण जास्त, त्यामुळे ती कमी तापमानाला वितळते आणि जिभेवर ठेवताच सुटू लागते. पहिले तीन-चार घास म्हणूनच विलक्षण लागतात. पण सहाव्या-सातव्या घासापर्यंत जिभेवर ओशट थर बसतो, चव कळेनाशी होते आणि पोट जड होतं. ज्यांना बीफमध्ये चावायला लागणारा, लोहाची चव असलेला, भरीव मांसलपणा आवडतो, त्यांना चांगलं साधं बीफ याहून जास्त समाधान देतं, आणि तेही कितीतरी कमी पैशांत. वाग्यू हे त्याच चवीचं वरचं टोक नाही. तो वेगळाच पदार्थ आहे.

किंमत चढते ती मुख्यतः वेळेमुळे. वासरू जन्मतं एका गोठ्यात, आठ-दहा महिन्यांचं झालं की लिलावात विकलं जातं आणि पुढचे वीसेक महिने दुसरा शेतकरी त्याला धान्यावर पोसतो. कत्तलीच्या वेळी जनावर साधारण २८ ते ३० महिन्यांचं असतं. मधल्या काळात चाऱ्यातलं अ जीवनसत्त्व मुद्दाम कमी ठेवतात, कारण त्यामुळे स्नायूंत चरबी जास्त साठते. ते फारच कमी झालं तर जनावराची दृष्टी जाऊ शकते, म्हणून हे काम अनुभवी हातांचंच. बिअर पाजण्याच्या आणि मालिश करण्याच्या गोष्टींना मात्र बहुतेक गोठ्यांत काही आधार नाही.

आता प्रतवारी. इथे ग्राहकाची सर्वांत जास्त दिशाभूल होते. ‘ए-५’ मधल्या ‘ए’चा चवीशी काहीही संबंध नाही. एका धडातून विक्रीयोग्य मांस किती निघतं, एवढंच ते अक्षर सांगतं, आणि ती माहिती खाटकाच्या कामाची आहे. पाचचा आकडा दर्जाचा. तो ठरवताना चार गोष्टी पाहतात: चरबीची नक्षी, मांसाचा रंग आणि चमक, घट्टपणा व पोत, आणि चरबीचा रंग व प्रत. चारांपैकी सर्वांत कमी गुण ज्याला मिळतात, तोच अंतिम दर्जा. चरबीच्या नक्षीला स्वतंत्र मापपट्टी आहे, बीएमएस, १ ते १२ अशी. ८ ते १२ म्हणजे पाचवा दर्जा, ५ ते ७ म्हणजे चौथा. याचा अर्थ नुसतं ‘ए-५’ लिहिलेल्या दोन तुकड्यांत, एक ८ चा आणि एक १२ चा, जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. दुकानदाराला बीएमएस आकडाच विचारा.

आणि ए-५ दुर्मीळ असतं हा समजही आता सोडून द्यायला हवा. पैदास आणि चारा इतका सुधारला आहे की जपानमधल्या खच्ची केलेल्या वाग्यू बैलांपैकी निम्म्याहून अधिक आज याच प्रतीत बसतात. माझ्या मते स्टेकसाठी बीएमएस ६ किंवा ७ हीच जागा उत्तम. चरबी भरपूर, तरी मांसाची चव शिल्लक राहते, आणि पैसेही कमी जातात.

जपानबाहेर विकलं जाणारं बरंचसं ‘वाग्यू’ जपानी नसतंच. १९७६ मध्ये आणि पुढे १९९० च्या दशकात जी मोजकी जनावरं अमेरिकेत गेली, त्यांच्यापासून तिथले कळप उभे राहिले. ऑस्ट्रेलियातले कळपही त्याच वंशातून वाढले. त्यातली पुष्कळशी संकरित आहेत, बहुतेकदा अँगस या गुरांच्या जातीबरोबर. ते मांस वाईट नाही. उलट मोठा स्टेक खायचा असेल तर ऑस्ट्रेलियन संकरित वाग्यू जास्त शहाणपणाची खरेदी आहे. फक्त तिथली मापपट्टी वेगळी, ० ते ९ अशी. तिथला ७ आणि जपानी ७ एकच समजू नका.

अस्सल जपानी तुकड्याची ओळख म्हणजे दहा आकडी क्रमांक. जपानमध्ये प्रत्येक जनावराला तो मिळतो आणि सरकारी संकेतस्थळावर टाकला की जन्मतारीख, जात, कुठे वाढलं हे सगळं दिसतं. विक्रेत्याला हा क्रमांक देता येत नसेल, तर जपानी वाग्यूचा भाव देऊ नका. वाग्यूतलं कोबे हे प्रसिद्ध नाव तर आणखी काटेकोर आहे: ह्योगो प्रांतात जन्मलेलं आणि वाढलेलं ताजिमा वंशाचंच जनावर, बीएमएस किमान ६. कोबेची निर्यातच २०१२ मध्ये सुरू झाली. ‘कोबे बर्गर’वर म्हणूनच विश्वास ठेवू नये. तसंही एकदा खिमा केला की चरबीची नक्षी संपली. तेवढी चरबी कुठल्याही खिम्यात वरून मिसळता येते.

शिजवताना पैसे वाया जातात ते असे. गोठवलेला तुकडा कोमट पाण्यात टाकला की बाहेरची चरबी सुटते आणि आतला भाग तसाच कडक राहतो; तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक पूर्ण दिवस ठेवावा. पाकिटातून काढून कागदाने कोरडा करावा. जाडी दीड सेंटिमीटर पुरे. साध्या स्टेकसारखा तासभर बाहेर ठेवू नका, दहा-पंधरा मिनिटं बस्स. तेल आणि लोणी दोन्ही नको. कडेची चरबी कापून तापलेल्या बिडाच्या तव्यावर फिरवली की काम होतं. मीठ लावायचं ते तुकडा तव्यावर टाकण्याच्या अगदी आधी. एका बाजूला मिनिटभर, दुसऱ्या बाजूला त्याहून थोडं कमी, आत साधारण ५५ अंश सेल्सिअस. फार कच्चं ठेवलं तर मधली चरबी वितळत नाही आणि मेणासारखी लागते. निखाऱ्यांवर भाजणं टाळा: चरबी ठिबकते, ज्वाळा उठतात आणि काजळीची कडवट चव बसते. ताटली गरम हवी, नाहीतर वाढेपर्यंत चरबी थिजते. बोटाएवढे तुकडे, सोबत भात, मुळ्याचा कीस, वासाबी, थोडा आंबट सोया सॉस. आंबट-तिखट काहीतरी हवंच, ते जिभेवरचा ओशटपणा उतरवतं.

पण या मांसाला खरा न्याय देतात ते सुकीयाकी आणि शाबू-शाबू, पातळ काप गरम रश्शात शिजवून खायचे जपानी पदार्थ. वाग्यूचा तो गोडसर, नारळाची आठवण देणारा वास लॅक्टोन नावाच्या संयुगांमुळे येतो आणि ८० अंशांच्या आसपास सर्वांत छान खुलतो. म्हणूनच दोन मिलिमीटरचा काप गरम रश्शात काही सेकंद बुडवला की स्टेकपेक्षा जास्त सुगंध मिळतो. यासाठी महागडं सरलॉइन लागत नाही, खांद्याचं किंवा मांडीचं मांस चालतं. तुमच्या हातात पहिल्यांदाच वाग्यू येणार असेल तर तेच घ्या.

तव्यात सुटलेली चरबी टाकू नका. गाळून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी त्यात कांदा, लसूण आणि शिळा भात परता, वर सोया सॉसचे चार थेंब.