सोळाचा टॉम आणि टेपचा तुकडा

देवगडजवळच्या एका गावात माघी गणपतीचा ऑर्केस्ट्रा होता. कार्यक्रम रात्री दहाचा, साउंड घेऊन मी तीनलाच पोचलो. स्पीकर, केबल सवयीने लागले. अडकलो तो भाड्याच्या ड्रम सेटपाशी.

सोळा इंची फ्लोअर टॉमवर, म्हणजे पायांवर उभ्या मोठ्या ड्रमवर, गाफर टेपच्या (कापडी चिकटपट्टीच्या) आठ पट्ट्या. स्नेअरवर, म्हणजे खाली तारा लावलेल्या चपट्या ड्रमवर, चिकटवलेलं जुनं पाकीट. बेस ड्रममध्ये दुमडून कोंबलेली अख्खी गादी. काठी मारली की रिकाम्या खोक्याचा आवाज. अशा सेटला मिक्सरवर कितीही लो (खर्जाचा आवाज) वाढवा, मुळात नसलेला सूर कुठून येणार? फक्त स्पीकर घुमायला लागतो. मंडळाची माणसं मात्र मागून ओरडतात, "बेस वाढवा!"

एकेक पट्टी काढत गेलो. खाली पान, म्हणजे ड्रमवर ताणलेला पडदा, पार संपलेलं. मधोमध काठीचे खळगे, कोटिंग उडालेलं. मेलेलं पान टेपखाली झाकत आले होते. खालच्या पानाचे दोन रॉड (पान ताणणारे स्क्रू) तर हातानेच फिरले. भाड्याने सेट देणारे वरचं पान फाटेपर्यंत बदलत नाहीत आणि खालच्याकडे बघतही नाहीत, याचा मला संताप येतो. टॉमची आस, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा सूर, बराचसा खालच्या पानावर तर अवलंबून असतो.

माझ्या पेटीत पानं असतातच. टॉमना दुपदरी घातली, ७ मिलचे दोन थर (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). जास्तीची गुंज ती स्वतःच खातात आणि जोरकस हाताला टिकतात. स्नेअरवर १० मिलचं एकपदरी, कोटेड. त्याच्या खालचं पान जेमतेम ३ मिलचं असतं, त्यावर टेप लावायचाच नाही, तारांची सळसळ मरते. गादी काढून पेडलच्या बाजूच्या पानाला जेमतेम टेकेल असा एक टॉवेल घडी करून ठेवला.

फ्लोअर टॉमची कड फडक्याने पुसली. रॉड आधी बोटांनी, मग चावीने, समोरासमोरच्या जोड्या अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने आवळल्या. मधोमध तळवा दाबला, कडकड करत पान बसलं. मग प्रत्येक रॉडपासून इंचभर आत टिचकी. एका ठिकाणी सूर पडलेला, तिथे पाव फेरा. खालचं पान वरच्यापेक्षा जरासं चढं ठेवलं. काठी टाकली आणि सूर छातीत उतरला.

माझे वडील भजनात पखवाज वाजवायचे. डाव्या पुडीला कणीक चिमूटचिमूट लावत, दर चिमटीला थाप मारून ऐकत. कणकेने सूर उतरतो, टेपने गुंज तुटते, कामं वेगळी. पण हात राखायचा तो तसाच. दमट हवेत त्यांच्या पखवाजाच्या कातड्याचा सूर उतरायचा. १९५० च्या दशकात आलेल्या मायलरच्या (प्लास्टिकच्या) पानांना ती काळजी नाही.

पाच वाजता ड्रमर आला, मालवणचा विशीतला पोरगा. दोन मिनिटं वाजवून म्हणाला, "दादा, कानात ठणठणता. टेप लावूया." मी त्याला वीस फुटांवर उभा केला आणि स्वतः वाजवून दाखवलं. "हयसून बरा वाटता," तो म्हणाला. बेस गिटार आणि कीबोर्ड सुरू झाले की ती गुंज लोकांपर्यंत पोचत नाही, हे त्याला पटलं. निदान मला तसं वाटलं.

पहिली चार गाणी त्याने हात आखडून वाजवली. फ्लोअर टॉमला तर काठी लागलीच नाही. ज्या ड्रमवर मी तासभर घालवला, तो नुसता उभा होता.

मध्यंतरानंतर बघतो तर त्याच टॉमवर, कडेला, दोन रॉडांच्या मधे टेपचा बोटभर तुकडा, मधे घडी घालून उंचवटा ठेवलेला. "एवढोच, दादा," तो घाबरत म्हणाला. मिक्सरपाशी मला फरक जेमतेम जाणवला. पण त्यानंतर पोराने खांद्यापासून वाजवलं. शेवटच्या गाण्याला फ्लोअर टॉमवर असा उतरला की खुर्च्यांवरची माणसं उठली.

सेट उतरवायला अडीच वाजले. तुकडा मी काढला नाही. समोर बसणाऱ्यांच्या कानांचाच मी विचार केला होता; त्याला तीन तास त्या ड्रमला खेटून बसायचं होतं. पाच वाजताच तेवढा एक तुकडा त्याच्या हातात का दिला नाही? ती चार गाणी मला अजून ऐकू येतात.