बाबांचा कान आणि एक टेबल लॅम्प

पणजीला फोंताइन्यासमध्ये फुंदासाव ओरिएंत या संस्थेत गोव्याचे चित्रकार आंतोनियो त्रिंदाद (१८७०-१९३५) यांची चित्रं बघितली तेव्हापासून डोक्यात बसलं होतं की ऑइलमध्ये एक पोर्ट्रेट करायचं, काळोखातून अर्धा चेहरा बाहेर आलेलं. हे मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे, लोक त्यांना पूर्वेचा रेम्ब्रां (उजेड-काळोखासाठी प्रसिद्ध डच चित्रकार) म्हणायचे आणि उगाच नाही म्हणायचे.

मॉडेल घरातलाच, बाबा. पडदे ओढले, ट्यूब बंद, एकच टेबल लॅम्प डावीकडून वरच्या बाजूने. तो सरकवत राहायचं, अंधाराकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडेपर्यंत. पडला की तिथेच फरशीवर चिकटपट्टी मारली, कारण आई केर काढताना लॅम्प हलवणार हे ठरलेलं.

मग बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून अख्ख्या कॅनव्हासला फासला आणि जुन्या बनियनच्या चिंधीने पुसत पुसत उजेड काढला, कपाळ, नाकाचं हाड, तो त्रिकोण. या स्टेजला सगळ्यात मजा येते, रंग एकच पण माणूस ओळखू येतो. अंबरमध्ये मँगनीज असतं त्यामुळे हा थर पटकन वाळतो, खाली वापरायला बेस्ट.

वर फक्त यलो ऑकर, व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा, स्वीडनचा चित्रकार अँडर्स झोर्न याची म्हणून जी पॅलेट सांगतात ती. निळा नाहीच, पण काळ्या-पांढऱ्याचा करडा लालसर कातडीशेजारी लावला की चक्क निळसर दिसतो, दाढीच्या खुंटांना मी तोच वापरला. उजेड जाड लावायचा, नाकाच्या शेंड्यावर तर रंगाचा गोळाच ठेवलाय, आणि सावली इतकी पातळ की खालचा अंबर दिसला पाहिजे. सावलीत जास्त रंग घोटला की ती मातकट होते, माझ्या मते अशी बहुतेक पोर्ट्रेट्स तिथेच मरतात.

अंधाराकडचा कान मी कोरड्या ब्रशने मागच्या काळोखात विरघळवून टाकला. बाबा बघायला आले तर पहिलं वाक्य, "अगं, माझा कान कुठे गेला?" आईचं म्हणणं, तसंही ऐकू कुठे येतं त्यांना. कान परत काढणार नाही असं मी सांगितलंय.

वार्निश बाकी आहे. ऑइल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं, त्यामुळे जाड भागांना निदान सहा महिने द्यायचे. तोवर चित्र बैठकीच्या खोलीत, देवघरातल्या उदबत्तीच्या धुरापासून लांब.